उपचार चालू, आजारही चालू : पाळीव प्राण्याला तज्ज्ञाकडे केव्हा न्यावे?

घरातल्या आठ वर्षांच्या लॅब्रॅडॉरने जेवणाकडे पाठ फिरवली, तर पहिल्या दिवशी ते कुणी फारसे मनावर घेत नाही. उकाडा वाढला आहे, खावेसे वाटत नसेल, असे म्हणून भांडे उचलले जाते. दुसऱ्या दिवशी तो थोडा दहीभात खातो आणि घराला हायसे वाटते. आठवड्याने ताप येतो. नेहमीचे डॉक्टर इंजेक्शन देतात, सलाइन लावतात आणि दोन दिवसांत शेपटी पुन्हा हलू लागते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी इंजेक्शन वेगळे, गोळ्या वेगळ्या. दीड महिन्यानंतर एका सकाळी फरशीवर नाकातून पडलेले रक्ताचे थेंब दिसतात आणि मग सर्वांची धावपळ सुरू होते.

हे चित्र काल्पनिक असले, तरी शहरांतील अनेक घरांना ते ओळखीचे वाटेल. यात कुणाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही. प्रत्येक भेटीत झालेला उपचार त्या दिवसापुरता योग्यही असू शकतो. राहून जाते ते इतकेच, की चार भेटी म्हणजे चार निरनिराळी दुखणी समजली जातात आणि या सर्वांच्या मुळाशी एकच आजार तर नसेल ना, हा प्रश्न विचारायचा राहतो. हा प्रश्न घेऊन ज्यांच्याकडे जायचे, ते म्हणजे पशुवैद्यकातील अंतर्गत विकारांचे तज्ज्ञ. त्यांच्याकडे केव्हा जावे, केव्हा जाण्याची गरज नसते आणि केव्हा त्यांची वाट पाहत बसणे धोक्याचे ठरते, हे प्राणी पाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे.

हे तज्ज्ञ नेमके कोण?

माणसांच्या बाबतीत ही रचना आपल्या अंगवळणी पडली आहे. सर्दी-खोकल्याला घराजवळचे डॉक्टर पुरतात. ताप उतरेना, मधुमेह आटोक्यात येईना किंवा रक्ततपासणीतील आकड्यांचा अर्थ लागेना, की तेच डॉक्टर चिठ्ठी देऊन एखाद्या फिजिशियनकडे पाठवतात. शस्त्र हाती न घेता शरीरातील हृदय, मूत्रपिंडे, यकृत, आतडी, रक्त, अंतःस्रावी ग्रंथी यांच्या विकारांचा एकत्रित विचार करणे, हे या फिजिशियनचे काम. पशुवैद्यकातही नेमकी हीच शाखा आहे.

आपल्याकडे पशुवैद्यक होण्यासाठी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि पशुवैद्यक परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ हा या नोंदणीचा आधार आहे. त्यापुढे ज्यांनी औषधोपचार, म्हणजे मेडिसिन या विषयात एम.व्ही.एस्सी. किंवा पीएच.डी. केली आहे, त्यांचा अंतर्गत विकारांचा अभ्यास अधिक सखोल असतो. शल्यचिकित्सा, प्रजननशास्त्र, विकृतिशास्त्र हे एम.व्ही.एस्सी.चे स्वतंत्र विषय आहेत. त्यामुळे केवळ 'पदव्युत्तर' एवढ्यावर न थांबता, पदव्युत्तर शिक्षण कोणत्या विषयातील, हे विचारणे इष्ट. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेत या शाखेची स्वतंत्र संस्था १९७३ पासून असून, पदवीनंतरचे दीर्घ प्रशिक्षण आणि कठोर परीक्षा यांनंतरच तिची मान्यता मिळते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना बहुधा त्यांचे नेहमीचे पशुवैद्यकच अशा तज्ज्ञाचे नाव सुचवतात.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाने शहरातील असंख्य मुक्या रुग्णांना आधार दिला. आज नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत मेडिसिन, शल्यचिकित्सा असे विभाग वेगवेगळे असतात आणि तेथील अध्यापक स्वतः रुग्ण पाहतात. मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. मोठ्या शहरांतील काही खासगी चिकित्सालयांतही सोनोग्राफी, टूडी-एको, एंडोस्कोपी या सोयी आल्या आहेत. म्हणजे तज्ज्ञ सेवा ही आता केवळ परदेशातील गोष्ट राहिलेली नाही. प्रश्न उरतो तो वेळेवर तिथे पोहोचण्याचा.

मुका रुग्ण आणि लपणारा आजार

वेळेला एवढे महत्त्व येण्याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. मूत्रपिंड, यकृत, हृदय या अवयवांची क्षमता रोजच्या गरजेपेक्षा बरीच जास्त असते. त्यामुळे अवयवाचा मोठा भाग निकामी झाला, तरी उरलेला भाग काम रेटून नेतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मूत्रपिंडांचे उदाहरण बोलके आहे. कुत्रा किंवा मांजर यांच्या मूत्रपिंडांची सुमारे दोन तृतीयांश क्षमता नष्ट झाली, की लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते. रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा स्पष्टपणे वाढतो तो सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावर. म्हणजे अहवालातील लाल खूण दिसेपर्यंत बरेच काही हातचे गेलेले असते. एसडीएमए ही अलीकडची रक्तचाचणी ही घट त्यापूर्वी दाखवू शकते. साध्या लघवीच्या तपासणीतूनही पूर्वसूचना मिळते, मात्र ती करण्याचे सुचायला हवे.

त्यात हा रुग्ण मुका. कुठे दुखते हे तो सांगत नाही. उलट दुखणे लपवण्याकडेच प्राण्यांचा, विशेषतः मांजरांचा कल असतो. मांजर कपाटामागे जाऊन बसते, अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडून देते, नेहमीच्या खिडकीवर उडी मारत नाही. 'वय झाले' म्हणून आपण ते सोडून देतो. वय हा आजार नव्हे. म्हातारपणामुळे प्राणी मंदावतो हे खरे, परंतु म्हातारपणामुळे त्याचे वजन उतरत नाही, तहान वाढत नाही आणि रोज उलट्याही होत नाहीत. त्यांना काहीतरी कारण असते.

तज्ज्ञाकडे जाण्याचे पाच प्रसंग

पहिला प्रसंग म्हणजे उपचार होऊनही आजार परत परत येणे. उलट्या, जुलाब किंवा खोकला तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकला अथवा औषध थांबवताच परतला, तर तो दीर्घकालीन आजार समजून त्याच्या कारणाचा शोध घ्यायला हवा. अन्नाचे वावडे, आतड्यांची दीर्घकालीन दाहक व्याधी, स्वादुपिंडाची सूज, यकृताचा विकार, जंत, आतड्यातील गाठ अशी अनेक कारणे बाहेरून एकसारखीच दिसतात. ॲडिसन नावाचा अधिवृक्क ग्रंथींचा एक विकार तर या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. कुत्रा अधूनमधून मलूल होतो, ओकतो, सलाइन लावताच टवटवीत होतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा कोसळतो. सलाइनने बरे वाटणे हीच येथे फसगत असते. संशय आल्यास सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण आणि त्या ग्रंथीची विशिष्ट चाचणी यांतून निदान होते आणि नियमित औषधावर असे कुत्रे पुढे अनेक वर्षे चांगले जगतात.

दुसरा प्रसंग म्हणजे कारण न कळता वजन, तहान किंवा लघवी यांत झालेला बदल. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण पन्नास ते साठ मिलिलिटर पाणी पितो. उन्हाळ्यात किंवा खेळल्यावर हे प्रमाण वाढते. मात्र ते सातत्याने किलोमागे शंभर मिलिलिटरच्या वर गेले, तर तो आजाराचा इशारा होय. म्हणजे तीस किलोचा लॅब्रॅडॉर रोज तीन लिटरहून अधिक पाणी पिऊ लागला, तर नोंद घ्यावी. चार किलोच्या मांजराच्या बाबतीत दिवसाला दोनशे मिलिलिटरच्या वरचे पाणी शंकास्पद ठरते. मधुमेह, मूत्रपिंडांचा विकार, यकृताचा विकार, कुशिंग नावाचा अंतःस्रावी विकार यांपैकी काहीही असू शकते. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत एकाएकी खूप पाणी पिऊ लागली आणि खाणे टाळू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तेथे बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. वजनाचेही तसेच. चार किलोच्या पॉमेरेनियनचे वजन चारशे ग्रॅमने घटणे म्हणजे दहा टक्के घट. दाट केसांखाली ती डोळ्यांना दिसत नाही, वजनकाट्यावर मात्र लपत नाही.

तिसरा प्रसंग म्हणजे निदान झाले आहे, पण आजार आटोक्यात येत नाही. मधुमेही कुत्र्याला सहसा दिवसातून दोनदा आणि आयुष्यभर इन्सुलिन लागते. मात्रा वाढवूनही साखर उतरत नसेल, तर दातांतील किंवा मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, कुशिंग, इन्सुलिन साठवण्यातील चूक अशी अनेक कारणे तपासावी लागतात. अपस्माराचे झटके औषध चालू असूनही वारंवार येणे, हृदयाच्या औषधानंतरही धाप कायम राहणे, ही याच प्रकारची उदाहरणे. पॉमेरेनियन, डॅशुंड यांसारख्या छोट्या जातींच्या उतारवयातील कुत्र्यांत हृदयाची झडप गळू लागणे बरेच आढळते. अशा रुग्णाचे झोपेतील श्वास घरीच मोजता येतात. शांत झोपलेल्या कुत्र्याचे वा मांजराचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असतात. ते सातत्याने त्यावर जाऊ लागले, तर फुप्फुसांत पाणी साठत असल्याची ती पहिली खूण असू शकते.

चौथा प्रसंग म्हणजे एकाच रुग्णात दोन-तीन आजार एकत्र येणे. हृदयासाठी दिलेले लघवीचे औषध मूत्रपिंडांवर ताण आणते. सांधेदुखीच्या गोळ्या आजारी मूत्रपिंडांना झेपत नाहीत. त्वचेच्या खाजेसाठी दिलेले स्टिरॉइड मधुमेह बिघडवते. येथे प्रत्येक दुखण्याला एक गोळी देऊन भागत नाही. कोणत्या आजाराला आज प्राधान्य द्यायचे आणि कोणता थोडा सहन करायचा, याचा तोल सांभाळावा लागतो. तज्ज्ञाच्या अनुभवाची खरी कसोटी इथे लागते.

पाचवा प्रसंग म्हणजे पुढील तपासणी नेहमीच्या दवाखान्यात होऊ शकत नाही. यकृतातील गाठीतून सुईने पेशी काढणे, दुर्बिणीतून जठर-आतड्याचा तुकडा घेणे, अस्थिमज्जेची तपासणी, हृदयाचा एको या गोष्टींना उपकरणे लागतातच, शिवाय निघालेल्या निष्कर्षाचा अर्थ लावणारा माणूसही लागतो. केवळ सोनोग्राफीचा कागद हातात असणे म्हणजे निदान नव्हे.

गोचीडतापाचा धडा

प्रारंभीच्या चित्रातील लॅब्रॅडॉरकडे आता पुन्हा वळू. नाकातून रक्त, अधूनमधून ताप, वजनात घट ही लक्षणे आपल्या हवामानात पाहिली, की गोचीडतापाचा विचार आधी करावा लागतो. तपकिरी रंगाची कुत्र्याची गोचीड आपल्याकडे बारमाही आढळते. ती घराच्या भिंतींच्या फटींतही राहते, त्यामुळे कधीच रस्त्यावर न हिंडणाऱ्या कुत्र्यालाही ती गाठते. तिच्या चाव्यातून एर्लिचिया नावाचा जिवाणू रक्तात शिरतो. साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, मलूलपणा, भूक मंदावणे ही लक्षणे दिसतात आणि अनेकदा ती आपोआप ओसरतातही. प्राणी बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात जंतू शरीरात दबा धरून राहू शकतो, कधी महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे. त्यातील काही कुत्र्यांत पुढे अस्थिमज्जाच थकते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हे तिन्ही घटक घटतात. रक्तस्राव होऊ लागतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात.

पहिल्या टप्प्यात डॉक्सिसायक्लिन हे तुलनेने स्वस्त प्रतिजैविक सहसा अठ्ठावीस दिवस नियमित दिले, तर बहुतेक कुत्रे बरे होतात. अस्थिमज्जा थकल्यानंतर मात्र तेच औषध अपुरे पडते, रक्त चढवावे लागते आणि यशाची खात्री देता येत नाही. औषध तेच आणि आजारही तोच, बदललेला असतो तो फक्त काळ. दोन-तीन दिवसांत तरतरी आली म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या बंद करणारे घरही या विलंबात नकळत भर घालते.

या आजारात तज्ज्ञाची गरज कुठे पडते? गोचीडताप ओळखणे आणि त्यावर उपचार करणे हे नेहमीच्या पशुवैद्यकांचे रोजचेच काम आहे. परंतु औषध पूर्ण होऊनही प्लेटलेट वाढत नाहीत, तेव्हा प्रश्न बिकट होतो. त्याच गोचिडीतून आलेला बबेशिया हा दुसरा परजीवीही रक्तात आहे काय? शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या पेशी नष्ट करीत आहे काय? की अस्थिमज्जेत कर्करोग आहे? या तिन्हींवरचे उपचार परस्परांहून अगदी भिन्न आहेत. एका ठिकाणी प्रतिकारशक्ती दाबणारे स्टिरॉइड हे जीव वाचवणारे ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी तेच जंतूंना मोकळे रान देते.

स्टिरॉइडबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लसिका ग्रंथींच्या कर्करोगात स्टिरॉइड दिल्यावर गाठी काही काळ आक्रसतात आणि प्राणी खाऊ लागतो. मात्र त्यामुळे तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्यात आजार नीट दिसेनासा होतो आणि पुढील केमोथेरपीलाही गाठी कमी दाद देतात. म्हणून निदान अनिश्चित असताना तज्ज्ञाकडे जायचे ठरलेच असेल, तर स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी आवश्यक ते नमुने घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे. आधीपासून चालू असलेले स्टिरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. तेही घातक ठरू शकते.

पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस हा असाच सावध करणारा आजार. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यांना होतो आणि मूत्रपिंडे व यकृत या दोहोंवर घाला घालतो. तो माणसांनाही होतो. साचलेल्या पाण्यातून फिरून आलेल्या कुत्र्याला ताप, उलट्या, कावीळ अशी लक्षणे दिसली, तर त्याच्या लघवीला हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नये आणि घरातील कुणाला ताप आल्यास आपल्या डॉक्टरांना ही माहिती अवश्य द्यावी.

जेथे वाट पाहणे धोक्याचे

तज्ज्ञाची भेट ठरवून घ्यावी लागते. काही प्रसंगांत तेवढी सवड नसते आणि तेव्हा सर्वांत जवळचा उघडा दवाखाना हाच योग्य पर्याय असतो. बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, ही बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजण्याची वेळ नव्हे. मूत्रमार्ग बंद झाल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट फुगणे आणि त्याने ओकण्याचा प्रयत्न करूनही काहीच बाहेर न पडणे, हे जठराला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. तेथे तासांचा हिशेब असतो. पाच मिनिटांहून अधिक काळ चालणारा झटका, पांढऱ्या किंवा निळसर पडलेल्या हिरड्या, तोंड उघडून श्वास घेणारे मांजर, उंदरांचे विष खाल्ल्याचा संशय, उष्माघात हेही याच यादीत येतात.

मांजराच्या उपवासालाही मर्यादा आहे. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि त्यातून नवाच गंभीर आजार उभा राहतो. 'भूक लागली की खाईल' हे वाक्य मांजराच्या बाबतीत महाग पडते.

याच ओघात घरगुती औषधोपचारांचाही उल्लेख करायला हवा. माणसांसाठीची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तज्ज्ञाची भेट मिळेपर्यंत 'अर्धी गोळी देऊन पाहू' हा मोह टाळलेलाच बरा.

जाताना काय न्यावे?

तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीत सर्वाधिक वेळ जातो तो प्रश्नोत्तरांत, आणि हा वेळ वाया गेलेला नसतो. निदानाचा निम्मा मार्ग तेथेच उलगडतो. म्हणून रुग्णाला जो सर्वांत अधिक पाहतो, जेवण देतो, फिरायला नेतो, त्याने सोबत जावे. घरातील काम करणाऱ्या मावशींनाच प्राण्याची लघवी-शी अधिक ठाऊक असेल, तर त्यांना आधी विचारून घ्यावे.

आतापर्यंतचे सर्व अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत. एका अहवालापेक्षा चार अहवालांतील चढउतार अधिक सांगून जातो. दिलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि किती दिवस दिली ते लिहून न्यावे. 'पांढरी गोळी, अर्धी' या वर्णनाचा उपयोग होत नाही. चिठ्ठी हरवली असल्यास नेहमीच्या डॉक्टरांकडून औषधांची माहिती मागून घ्यावी. एक्स-रेचा केवळ अहवाल न नेता प्रत्यक्ष फिल्म किंवा तिची संगणकीय प्रत न्यावी. लसीकरणाचे पुस्तक, जंतांच्या औषधाची तारीख, गोचीड-पिसवांसाठी वापरलेले औषध, रोजचा आहार आणि खाऊ यांचीही नोंद असावी.

खोकला, झटका, लंगडणे, विचित्र श्वास अशा गोष्टी दवाखान्यात गेल्यावर हमखास थांबतात. त्यांचे मोबाइलवर केलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण शब्दांतील वर्णनापेक्षा उपयोगी पडते. शक्य असल्यास सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना स्वच्छ, कोरड्या बाटलीत घेऊन जावा. पोटाच्या सोनोग्राफीसाठी अनेकदा उपाशी आणण्यास सांगतात, परंतु किती तास, हे आधी विचारून घ्यावे. मधुमेही रुग्णाला आणि लहान पिल्लाला न विचारता उपाशी ठेवू नये.

अहवाल हाती पडल्यावर एखाद्या आकड्याने घाबरून जाऊ नये. मांजराच्या रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे यंत्र त्यांची संख्या खोटीच कमी दाखवते. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर खरे चित्र कळते. दुसऱ्याच कुठल्या आजाराने क्षीण झालेल्या कुत्र्यात थायरॉइडचा आकडा कमी येतो. तेवढ्यावरून थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, तर मूळ आजार बाजूलाच राहतो. आकडा रुग्णाशी ताडून पाहणे, हेच तज्ज्ञाचे काम असते.

खर्च आणि निर्णय

तज्ज्ञ तपासणी खर्चीक असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. बहुतेक घरांत हा खर्च स्वतःच्या खिशातूनच करावा लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलावे. कोणत्या चाचण्या आजच आवश्यक आहेत, कोणत्या थांबू शकतात, एखाद्या चाचणीचा निष्कर्ष कसाही आला तरी उपचार बदलणार आहे का, हे तीन प्रश्न विचारण्याचा प्रत्येक मालकाला अधिकार आहे. ज्या चाचणीने उपचारात काहीच फरक पडणार नाही, ती टाळता येते. उलटपक्षी, निदानाविना महिनोन्‌महिने चाललेल्या इंजेक्शनांचा आणि सलाइनचा एकत्रित हिशेब मांडला, तर वेळीच केलेली तपासणी अनेकदा स्वस्त ठरते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची चिकित्सालये हा कमी खर्चातील पर्यायही विसरता कामा नये. तेथे गर्दी असते, थांबावे लागते, मात्र अनेक विषयांचे जाणकार एकाच आवारात भेटतात.

तज्ज्ञाकडे गेले म्हणजे प्राणी बरा होणारच, अशी अपेक्षाही ठेवू नये. मूत्रपिंडांचा जुना आजार बरा होत नाही. योग्य आहार, रक्तदाबावरील औषधे आणि नियमित तपासणी यांनी त्याचा वेग कमी करता येतो. काही वेळा निदानातून कळते ते हेच, की आता बरे करणारे उपचार उरलेले नाहीत. असे कळण्यालाही मोल असते. मग निरर्थक सुया टोचणे थांबते, वेदना कमी करण्याकडे लक्ष देता येते आणि निरोपाचा निर्णय अंधारात घ्यावा लागत नाही.

नेहमीचे डॉक्टर दूर होत नाहीत

'दुसरीकडे गेलो तर आमच्या डॉक्टरांना वाईट वाटेल' या संकोचापायी अनेक घरे थांबून राहतात. वास्तविक तज्ज्ञाचा सल्ला हा अविश्वास नव्हे. 'आपण आणखी कुणाचे मत घेऊ या का?' असे मोकळेपणाने विचारावे. अनुभवी पशुवैद्यक त्याचे स्वागतच करतात आणि चिठ्ठीत असा तपशील लिहून देतात, जो मालकाला सांगता आला नसता. गुपचूप जाणाऱ्याच्या हाती हा तपशील नसतो. मग त्याच चाचण्या पुन्हा होतात आणि दोन दवाखान्यांतील औषधे एकमेकांशी भांडू लागतात. तज्ज्ञाने दिशा ठरवल्यावर रोजचा सांभाळ, पुढील रक्ततपासण्या, लसीकरण हे सारे बहुधा नेहमीच्या डॉक्टरांकडेच परत येते आणि तसेच यायला हवे.

यासाठी फार मोठी तयारी लागते असे नाही. एक वही आणि एक वजनकाटा पुरतो. महिन्यातून एकदा वजन, अधूनमधून पाण्याचे माप, झोपेतील श्वासांची संख्या आणि उलटी किंवा जुलाब झाला तर तारीख, एवढे लिहिले तरी आजाराची चाल दिसू लागते. सात वर्षांनंतर, मोठ्या जातींत त्याही आधीपासून, वर्षातून एक-दोनदा रक्त व लघवी तपासून घेतल्यास तुलनेसाठी निरोगी काळातील आकडेही हाताशी राहतात.

उपचार चालू आहेत आणि आजारही चालू आहे, असे त्या वहीतून दिसू लागले, की नवे औषध मागण्यापूर्वी 'हे कशामुळे होत आहे?' एवढे विचारावे. उत्तर नेहमीच्या डॉक्टरांकडे असेल, तर ते मिळेल. नसेल, तर तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ झाली आहे, असे समजावे. हा प्रश्न रुग्ण स्वतः विचारू शकत नाही. तो आपल्यालाच त्याच्या वतीने विचारावा लागतो.